दोनशेच्या आत

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसं लिहितात.
जिल्ह्याहून परिपत्रक आलं. येत्या मोजणीत ज्या गावाची लोकसंख्या दोनशेच्या आत भरेल, ते शेजारच्या गावात विलीन. तिथल्या ग्रामसेवकाचं पद रद्द, बदली थेट जिल्ह्याच्या ऑफिसात. म्हणजे बायको, लेक आणि पंखा! माझे बदलीचे सगळे अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये झोपलेत; या कोंडवाड्यातून सुटायची दुसरी वाट नाही.
गावची नोंद दोनशे तीन. चार डोकी कमी करायची. डाव्या हातचा मळ.

९ जानेवारी
शाळेच्या व्हरांड्यात माझं भाषण : शहरातील संधी. सरपंचबाईंनी विचारलं, शहर एवढं चांगलं आहे तर तुम्ही इकडे कशाला आलात. लोक खूप हसले. विषय पोचला म्हणायचा.

१७ जानेवारी
चक्कीवाल्याचे दोन मुलगे नोकरीला शहरात, नावं मात्र इथं. खोडली. चक्कीवाला भांडायला आला. पोरं सुट्टीला येतात म्हणाला. पाहुणे म्हणून येतात, असं मी सुनावलं. माणूस जिथं जेवतो-झोपतो तिथंच मोजायचा. हा नियम सगळ्यांना का, असं सरपंचबाईंनी विचारलं. सगळ्यांना, मी बाणेदारपणे म्हणालो. त्यांनी लगेच तसा ठराव करून घेतला. समजूतदार बाई.
दोनशे एक.

२५ जानेवारी, सकाळ
ऑफिसमागच्या खोकलेआजी अत्यवस्थ. वाईट वाटलं. पण वय झालंय. कुणी काय करणार? मी तर मुळीच काही करू शकत नाही.

दुपार
आजींना मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागे त्यांच्या भाच्याने धरून, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कारण निव्वळ प्रशासकीय. मृत्यूची नोंद म्हणजे फार कटकट.

३० जानेवारी
आजी परत. ठणठणीत. खोकलासुद्धा गेला. उपकार फेडायचे म्हणून मला रोज दोन्ही वेळा जेवायला बोलावतात. नाही म्हणायला तोंड उघडलं की त्यात घास.

८ फेब्रुवारी
शिंपी आणि शिंपीणबाई कायमचे लेकीकडे गेले! शिवणयंत्र मी स्वतः बसच्या टपावर बांधलं. शिंपीणबाई रडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार होती.
एकशे नव्याण्णव!!
बायकोला फोन केला. म्हटलं, ती भाड्याची खोली आजच सोड, महिनाअखेर आपण एकत्र, ऐसपैस सरकारी क्वार्टरमध्ये. तिने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

२० फेब्रुवारी
मोजणी अधिकारी आले. घरोघर फिरलो. बरोब्बर एकशे नव्याण्णव. मी चहा मागवला. तेवढ्यात सरपंचबाईंनी विचारलं, ग्रामसेवक कुठे मोजलेत?
मी म्हणालो, मी सरकारी माणूस, माझा काय संबंध. बाईंनी ठराव वाचून दाखवला. तो माझ्याकडेच जेवतो हो, असं खोकलेआजींनी अभिमानाने सांगितलं. आणि ऑफिसच्या मागच्या खोलीत झोपतो, ही भर चक्कीवाल्याची. मला पहिल्यांदाच वाटलं, माझे नियम जरा जास्तच स्पष्ट असतात.
दोनशे. दोनशेच्या आत नव्हे, पुरते दोनशे. गाव राहिलं, मीही राहिलो. पुढची मोजणी दहा वर्षांनी.
साहेबांचा फोन आला. गाव वाचवल्याबद्दल अभिनंदन म्हणाले. तुमच्यासारखा माणूस तिथंच हवा, असंही म्हणाले.
रडू आलं. आज धूळ नव्हती.

२१ फेब्रुवारी
बायकोला फोन. थोडा उशीर होईल म्हटलं. ती म्हणाली, खोली कधीच सोडली, नवे भाडेकरू दारात उभे आहेत, आम्ही निघालो.

२२ फेब्रुवारी
दुपारच्या बसने बायको, लेक आणि टेबलफॅन उतरले. मागून सासूबाई. चक्कीवाल्याने न सांगता ट्रंक उचलली. आजींनी चौघांची पानं मांडली. बायकोने क्वार्टर कुठे म्हणून विचारलं. मी ऑफिसमागची खोली दाखवली. तिने टेबलफॅन माझ्या हातात दिला आणि आत गेली. आपण इथं किती दिवस राहायचं, लेकीने विचारलं. मी म्हटलं, थोडे.
सरपंचबाई आल्या. आजच नोंद करून घ्या म्हणाल्या.
केली. दोनशे तीन.