विश्रांतीच्या तीस सेकंदांत हललेल्या हाताबाबत

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
मेंदू-प्रतिमा अभ्यास प्रकल्प,
नवा रायपूर.

विषय : अर्जदारास अभ्यासातून वगळण्याचा निर्णय रद्द करून दुसरी चाचणी पुन्हा घेणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र दि. ४ मार्च २०१९, व अर्जदाराचे हिंदीतील दोन अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

१. अर्जदार सौ. विनोदिनी शेखर काळमेघ, वय ४१, राहणार गुढियारी, ही रेल्वेच्या माल कार्यालयात लिपिक आहे. आपण नागपूरचे असल्याचे कळले, म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत. भाषा समजली नाही असे तरी कोणी म्हणू नये.

२. अर्जदारास पाच वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. या आजारात मज्जातंतूंचे आवरण झिजते आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाही. अर्जदाराचा उजवा हात असून नसल्यासारखा झाला होता. ब्लाउजचे हूकसुद्धा सासूबाई लावून देत. आठ आठवडे बोटांचे व्यायाम केल्यावर मेंदू निरोपासाठी दुसरी वाट काढतो का, हे व्यायामाआधीच्या व नंतरच्या प्रतिमांवरून पाहणे, हा आपला अभ्यास. अर्जदार दोन बस बदलून येत होती. एकही दिवस बुडविला नाही.

३. चाचणीत तीस सेकंद बोटे अंगठ्याला टेकवायची, मग तुलनेसाठी तीस सेकंद हात स्वस्थ ठेवायचा, असे आळीपाळीने होते. एमआरआय मशीनच्या नळीत त्या ठकठकीने जीव घाबरा होतो, म्हणून अर्जदार मनात गजानन महाराजांचे नाव घेत होती. आमच्याकडे जप बोटांच्या पेरांवर मोजतात, अंगठा एकेक पेर चढत जातो. हाताला लहानपणापासून तेच वळण. पहिल्या चाचणीतही जप चालूच होता, पण अंगठा जागचा हलत नव्हता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या वेळी तो विश्रांतीतही चालू लागला. अर्जदारास त्याचा पत्ताच नव्हता.

४. तंत्रज्ञ श्री. तुळशीराम यांनी स्पीकरवरून विचारले, "दीदी, हाथ काहे चल रहा है?" अर्जदार म्हणाली, "चालून राहिला का? खरंच चालून राहिला?" आणि नळीत पडल्यापडल्या रडली. त्याने डोके हलून उरलेल्या प्रतिमाही बिघडल्या, हे अर्जदार कबूल करते. अर्जदारास अतिशय आनंद झाला होता, हेही नोंदीत यावे.

५. यावर आपले पत्र आले : सूचनांचे पालन नाही, प्रतिमा निरुपयोगी, सहभाग समाप्त. सहभाग संपला म्हणून पुढचे आठ आठवड्यांचे व्यायामही बंद. सासूबाई श्रीमती कलावती रोज विचारतात, "हात हलावा म्हणूनच नेत होते नं तुले? मंग हलला तं घरी काहून पाठवलं?" याचे उत्तर आपल्याकडे असल्यास लेखी कळवावे, सासूबाईंना वाचून दाखविण्यात येईल.

६. पत्रासोबत 'स्वेच्छेने माघार' असा छापील नमुना आला. सही केली की फाइल बंद होते, असे आपले बाबू म्हणाले. महोदय, स्वेच्छा अर्जदाराची आहे आणि ती माघारीची नाही. आपणांस काढायचेच असेल तर आपल्या सहीने काढावे.

७. चुकीबद्दल अर्जदार क्षमा मागते. पुन्हा चाचणी घेताना हात पट्ट्याने बांधावा, हरकत नाही. नाव घेणे मात्र थांबणार नाही. मेंदूत ते कुठे दिसते ते आपण पाहून घ्यावे. बिघडलेल्या प्रतिमा पुसू नयेत. व्यायामांनी काय झाले हे जर कुठे उमटले असेल, तर ते त्याच तीस सेकंदांत, असे अर्जदाराचे मत आहे. अर्जदार डॉक्टर नाही, पण हात अर्जदाराचा आहे.

८. येत्या गुरुवारी, दि. २८ रोजी, अर्जदार रजा टाकून सकाळी दहा वाजता केंद्रात हजर राहील, बांगड्या व मंगळसूत्र घरी काढून ठेवून. मशीन चालू करावे की अर्जदारास तोंडावर नाही म्हणावे, हे आपण तोवर ठरवावे.

आपली नम्र, आणि अभ्यासात अजून असलेली,

(सही, उजव्या हाताची)
सौ. विनोदिनी शेखर काळमेघ
गुढियारी, रायपूर
दि. २५ मार्च २०१९

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. माघारीचा नमुना, कोरा, परत.