ही बारी नव्हे

बा, तू गेलास तेव्हा मी एवढीशी होते. तुला अक्षर येत नव्हतं आणि मलाही नाही. आता येतं. बाजारात वाटलेले छापील कागद जमवत, एकेका अक्षराशी झटत आलं. ते आल्यावर पहिल्यांदा लिहिते ती तुला.

मी उमरावतीला असते. इथे पाद्रीसाहेबानं नवं दगडी देऊळ बांधलं, त्यांच्या देवाचं. देऊळ उभं राहिलं, पण चाकरीला माणूस मिळेना. दूर कुठे लढाई लागली म्हणून विलायतेला आपला कापूस हवा झालाय, आणि जो तो कापसाच्या गाड्यांमागे. शेवटी घंटा वाजवायला एक मिशीवाला मिळाला. दुसऱ्या महिन्यात मिशीवाला घरी, आणि घंटेखाली त्याचा बिनमिशीचा चुलतभाऊ उभा! पाद्री चक्रावला. "मी याला नेमले नाही!" चुलतभाऊ म्हणतो, "त्याची बारी सरली, सायेब. आता माही." बाजारात लोक अजून हसतात. मला हसू आलं नाही. वेशीच्या राखणीचं काम आपल्या घराकडे होतं, वर्षाची बारी तुम्हा भावांत फिरायची. पाडव्याच्या सकाळी काका दारात येतो, "दे," म्हणतो, आणि तू मुकाट्यानं काठी त्याच्या हातात देतोस. काम कुणा एकाचं असतं, हे आपल्यात कोणाला ठाऊक होतं?

तुझा जावई तू पाहिलाच नाहीस. तो पटकीत गेला. तेव्हापासून मी धाकट्या दिराच्या घरात, त्याच्याच चुलीवर. देवळात झाडलोट करायला आणि दुपारी बायकांना वाचून दाखवायला बाई हवी असं कळलं, तशी गेले. बोट ठेवून वाचलं. पाद्रीनं नेमलं, मागची खोलीही देऊ केली.

दुसऱ्या दिवशी दीर नवा फेटा बांधून हजर. "सायेब, चाकरी आमच्या घरात आली, लय उपकार. संक्रांतीपरेंत वयनीची बारी, मंग माह्या बायकोची."

"तिला वाचता येते?"

"वाचनाचं काय, ते वयनी सांगन तिले. झाडता तं येते ना!"

पाद्री माझ्याकडे वळला. "बाई, आपले म्हणणे काय?"

दीर वाईट नाही, बा. त्यानं मला उपाशी ठेवलं नाही. त्याच्या हिशेबी तो हक्काचंच मागत होता. तू तापानं फणफणला होतास तेव्हा काकानंही न बोलावता तुझ्या बारीची राखण केली होती. भावकी ती हीच. पण संक्रांतीला मी पुन्हा त्या चुलीपुढे बसले असते, आणि विधवेला दुसरी बारी कोण देतं?

"ही बारी नोय, सायेब," मी म्हटलं. "तुमी मले नेमलं."

दिरानं माझ्याकडे पाहिलं नाही. चपला पायात सरकवत म्हणाला, "मंग वयनी, चूल बी तुही तूच पाय आता."

पाहते आहे. खोलीत तीन दगड मांडलेत. सकाळी देऊळ झाडलं, दुपारी बायकांपुढे वाचलं. जाऊ पाण्यावर भेटली तर तोंड फिरवते. हा कागद धाडायचा म्हटलं तर तुझं गाव पातूरकडे आहे अजून, तू नाहीस.

एक तुलाच सांगते. मी आजारी पडले तर झाडायला कोण, हे पाद्रीसाहेबाला विचारायचं रोज मनात येतं. विचारत नाही. तो सरळ माणूस आहे, सरळच सांगेल, "दुसरी बाई नेमू."