अर्ध्या तासाचं अंतर

वरवट बकाल,
मंगळवार

ती. चारूताईस,

धाकट्या चिंतामणचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही ठीक, म्हशीचा पाय बरा, आणि सौ. माझ्याशी बोलत नसल्यामुळे घरात शांतता आहे. तुझा गुडघा कसा आहे? (जळगाव विमानतळावरच्या खुर्चीत बसून तो आखडला असणार, हे मला कळतं.) तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

ताई, चूक माझीच, पण कारण ऐक. सात वर्षांनी तू महालक्ष्म्यांना माहेरी येणार, तेही पुण्याहून जळगावपर्यंत विमानानं (आपलं शेजारचं जळगाव जामोद नव्हे, खानदेशातलं). बहिणीनं विमानानं यावं आणि भावानं तिला आणायला एसटीत धक्के खात जावं, हे मनाला पटेना. तुझ्यासाठी साडी घ्यायला अमरावतीला जायचं होतंच. मोबाइलवर पाहिलं तर स्वच्छ लिहिलेलं: अमरावती विमानतळ ते जळगाव विमानतळ, सव्वादोनशे किलोमीटर, अर्धा तास. तहसील कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस मी. लिहिलेल्यावर शंका घेणं माझ्या रक्तात नाही. ठरवलं, साडी घ्यायची, विमानात बसायचं आणि तुझ्यापुढे थेट आभाळातून उतरायचं. त्या भरात अमरावती विमानतळाच्या दारातूनच तुला फोनही केला, की ताई, तिथंच बस, अर्ध्या तासात आलो. तिकीट त्यानंतर मागितलं.

तिथला पहारेकरी भला माणूस. त्यानं माझा मोबाइल हातात घेऊन सगळं वाचलं आणि म्हणाला, "काका, हे नुसतं अंतर मोजून ठेवलं हाय. इथून जळगावले विमान जातच नाही. पाखरू असते तर पोचले असते, तुमाले एसटीच पकडा लागते." "मंग वेळ काऊन लिहून ठेवला?" असं मी ठणकावून विचारलं, पण तोवर त्याच्यामागे हसणारी चार माणसं जमली होती.

पुढचे सहा तास मी पाण्याचा घोटही न घेता एसटीत काढले. अकोला, खामगाव, मलकापूर, प्रत्येक स्टँडवरून तुला 'आलोच' म्हणून कळवत होतो (तेवढं करायला नको होतं). तिथं जळगावात नोकरीला असलेला आपला विहंग (मुलगा माझा, पण अक्कल तुझ्यावर गेली) गाडी घेऊन तुझ्यासमोर उभा होता. पण "भाऊ आणाले आल्याबिगर मी माहेरात पाय ठेवत नाही," हा तुझा नेम! मी पोचलो तेव्हा तुझं परतीचं विमान वर चढत होतं. कुंपणाबाहेरून मी साडीची पिशवी उंच करून हलवली. तुला दिसली नसेल. ताई, मला रडू आलं. खोटं वाटत असेल तर विहंगला विचार.

भाऊजींना नमस्कार. त्यांनी माझी बाजू घेतली तर उपकार होतील.

तुझा अपराधी,
चिंतामण

ता. क. पाण्याच्या घोटाबद्दल: खामगावला दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले. त्या नादात एक बस सुटली. सहा तासांतला एक तास माझा.

ता. क. २. महालक्ष्म्या शुक्रवारी बसतात. तू आली नाहीस तर सौ. मलाही घरात घेणार नाही म्हणते. शेगावपर्यंत रेल्वेची दोन तिकिटं काढली आहेत.

ता. क. ३. पोस्टानं तीन दिवस लागले असते, म्हणून पत्र मीच घेऊन पुण्याला आलो. हे एवढं तुझ्या जिन्यात बसून लिहितोय आणि दाराखालून सरकवतोय. ताई, भाऊ आणायला आलाय. आता अंतर एका दाराचं आहे. वेळ तू सांग.