पार्सलच्या नंबरातली रिकामी जागा

प्रिय ठके,

तुझा फोन मी दोनदा कट केला, म्हणून गाल फुगवून बसली असशील. बैस. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि आज मला सगळं सांगायचंय. तब्येत बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर काळजीने तू सरळ शेवटाकडे उडी मारशील.

मी कामावर परत गेले तेव्हा ऑफिसात सगळे मला काचेचं भांडं असल्यासारखं जपत होते. डोक्यातली गाठ काढलेली बाई वेबसाइटचं कोडिंग करू शकेल का, हे विचारायचा धीर कुणाला होत नव्हता. खरं सांगू? मलाही होत नव्हता. ऑपरेशननंतर मी कंगव्याला चमचा म्हणाले तेव्हा तू हसलीस, मीही हसले. तू गेल्यावर मात्र तो कंगवा हातात धरून कितीतरी वेळ बसून होते. तेव्हाच ठरवलं, एक काम स्वतःचं स्वतः करून बघायचं. जमलं तर नोकरी आणि माझं घर. नाही जमलं तर हट्ट सोडायचा आणि तू म्हणशील तसं वागायचं.

काम अगदी किरकोळ मिळालं. आमच्या कुरिअर कंपनीच्या वेबसाइटवर लोक पार्सलचा नंबर टाकतात. त्या लांबलचक नंबराच्या मधली चार अक्षरं म्हणजे गोदामाची खूण. कोडने तेवढाच तुकडा कापून घ्यायचा आणि पार्सल कुठे पडलंय ते दाखवायचं. कुठून कुठपर्यंत कापायचं ते आपण सांगायचं. फक्त मोजणी शून्यापासून करायची, आणि जिथे थांबायला सांगू ते अक्षर तुकड्यात येत नाही. पूर्वी हे मी झोपेतही केलं असतं. आता कागदावर एकेक अक्षर मांडलं, बोटाने मोजलं, आणि जमलं! मग खऱ्या गिऱ्हाइकांचे नंबर घालून बघितले. सगळे सुतासारखे सरळ, पण एक नंबर काही केल्या ऐकेना. प्रत्येक वेळी तुकडा एका अक्षराने चुकलेला.

पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. वाटलं, संपलं. आमचे टीम लीडर, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, बिस्किटाचा पुडा घेऊन मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, तू कशाला मोजत बसलीस, त्यात अक्षरं किती ते कॉम्प्युटरलाच विचार की. विचारलं. मला दिसत होती त्यापेक्षा एक जास्त! अगं, त्या गिऱ्हाइकाने नंबर लिहायच्या आधी स्पेसबार दाबला होता. पहिली जागा रिकामी, आणि स्क्रीनवर ती दिसतही नव्हती. त्यामुळे पुढचं सगळं एक घर सरकलेलं. माझं मोजणं बरोबर होतं, ठके. पहिल्यापासून बरोबर होतं!

आता कोड आधी दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा काढून टाकतो आणि मगच कापतो. एका ओळीचं काम. ते करून मी बाथरूममध्ये गेले, पोटभर रडले, तोंड धुतलं आणि जागेवर येऊन बसले. मास्तरांनी पुडा माझ्याकडे सरकवला. मी तो निर्लज्जपणे संपवला. किती महिन्यांनी जिवाला असं हलकं वाटतंय म्हणून सांगू!

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू माझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीस, पलंग आणलास, आणि रविवारी गाडी घेऊन मला कायमची न्यायला येणार आहेस. ते सगळं तू जीव लावून केलंस, हे मला कळतं. कोडिंग जमलं नसतं तर मी मुकाट्याने गाडीत बसलेही असते. पण आता मी येत नाही. तरी रविवारी निघ, ठरल्याप्रमाणेच निघ. मला न्यायला नको, माझ्याकडे राहायला ये.

तुझीच, पुन्हा दादागिरी करू लागलेली,
ताई