स्लिम प्रो, प्रो स्लिम आणि तुझी आई

लोवेच, २० मार्च

प्रिय बिल्याना,

पत्र बघून दचकू नकोस, आई बरी आहे. हे आधी सांगून टाकलं म्हणजे पुढचं निवांत वाचशील. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी तिकडची हवा कशी आहे एवढं विचारून ठेवून दिला असता. माझी अक्कल हातात आहे, जिभेत नाही. चाळीस वर्षं नकाशे काढले की माणसाचं असंच होतं. गेल्या महिन्यात तू कळवलं होतंस, "मी यायला हवी आहे का ते आईलाच विचारा. ती हो म्हणाली तर मिळेल त्या विमानाने निघते." मी एका ओळीत उत्तर दिलं, "विचारलं. नको म्हणते." त्यानंतर तुझा एक शब्द नाही. त्या ओळीबद्दलच लिहायचं आहे, पण सरळ तिथे पोचायचं धाडस होत नाही. तेव्हा म्हातारा जरा वळसा घालून येतोय असं समज.

जानेवारीत झटका आला तेव्हा आईचा उजवा हात गेला आणि वाचा गेली, एवढं तुला ठाऊक आहे. फेब्रुवारीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एखादा टॅब घ्या. समोरच्याची मान कशी हलते ते बघून उत्तर लिहून घेणारे टॅब येतात हल्ली. तुम्ही प्रश्न घालून ठेवा आणि बाईंना रोज तासभर एकटं बसवा त्याच्यासमोर, डोक्याला चालना मिळेल." मी म्हटलं, टॅबच घ्यायचा तर आपल्या पोरीच्या कंपनीचा. गेलो दुकानात. अगं, काय हा तुमचा पसारा! अकरा टॅब, आणि अकराही जणांचं तोंड एकच. साधा, लाइट, लाइट प्लस, स्लिम, स्लिम प्रो, प्रो, प्रो स्लिम, प्रो मिनी, पुढचे मी मोजतामोजता विसरलो. दुकानातल्या मुलीने विचारलं, "आजोबा, काय करायचंय त्यावर?" मी म्हटलं, "बायकोशी बोलायचंय." ती म्हणाली, "मग साधा चालेल की!" बिचारीने तीनदा समजावलं आणि तिसऱ्या वेळी स्वतःच अडखळली. शेवटी मी छातीठोकपणे प्रो स्लिम घेऊन घरी आलो.

मानेचं काम स्लिम प्रो करतो, प्रो स्लिम नाही. हे मला घरी दोन दिवस त्याच्यापुढे मान हलवून हलवून कळलं. कॉफीच्या दुकानात देच्को, आपला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा देच्को, हसून हसून टेबलावर पडला. "नायदेन, आमच्या वेळी ट्रॅक्टर एकच होता. बिघडायचा तोसुद्धा एकाच जागी. तुझी लेक विकते काय, टॅब की कोडी?" एरवी मी त्याच्याहून मोठ्याने हसलो असतो. या वेळी म्हटलं, "गप रे." का म्हटलं, कोण जाणे.

मग मी आलेखाचा कागद घेतला, बाह्या सारून टेबलाशी बसलो आणि तुमच्या कंपनीचा छापील तक्ता समोर ठेवून माझा स्वतःचा तक्ता आखला. दोन दिवस लागले. गोंधळ आहे, बिल्याना, खोटं कशाला बोलू? तीन टॅब तर असे आहेत की त्यांच्यातला फरक बनवणाऱ्यालाही सांगता येऊ नये. पण आखत गेलो तसतशी त्या गोंधळात मला माणसं दिसायला लागली. हा हातमोजे घालूनही चालतो, म्हणजे थंडीत बाहेर राबणाऱ्याचा. हा डोळे अधू झालेल्याचा. हा एकाच हाताने धरता येतो, कडेवर मूल असलेल्या बाईचा. उंचीच्या रेषांचा नकाशा पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसता गुंता दिसतो आणि मग एकदम डोंगर उभा राहतो, तसं झालं माझं. कुणीतरी कुठेतरी बसून एवढ्या परक्या माणसांचा विचार करतं, या कल्पनेनेच मी थक्क झालो. आणि तक्त्याच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ती ओळ सापडली: "मानेच्या हालचालीने उत्तर देता येते, फक्त स्लिम प्रो."

ती ओळ मी ओळखली. दोन वर्षांपूर्वी फुलांची नावं असणाऱ्या तुम्हा मायलेकींच्या नामदिनाला, ईस्टरआधीच्या फुलांच्या रविवारी, तू हीच ओळ सांगत होतीस. टेबलावर भाजलेला मासा होता, घर पाहुण्यांनी भरलेलं. आधी तू तो सुपाचा किस्सा सांगितलास. कॅलिफोर्नियात पहिल्याच आठवड्यात घरमालकिणीने विचारलं, सूप हवं का, आणि तू आपल्या पद्धतीने मान आडवी हलवून हो म्हणालीस. तिकडे आडवी मान म्हणजे नको. बाईने वाटी उचलून नेली आणि तू उपाशी झोपलीस. आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग तू म्हणालीस, "बाबा, सहा महिने भांडले तेव्हा ती ओळ तक्त्यात आली. ते म्हणत होते, अशी किती माणसं असणार!" आणि मी, पोटात दोन पेले गेलेले, सगळ्यांसमोर म्हणालो, "एवढं शिकलीस, आणि काम काय, तर एका पाटीला अकरा नावं ठेवायची!" लोक हसले. तू हळू आवाजात म्हणालीस, "तुमचे नकाशे तरी आता कोण उघडतं, बाबा?" त्यावर मी जे बोललो ते तुला पाठ असेल: "मग या घरी तरी कशाला येतेस?" सकाळी तू गेलीस. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. बोलायला लागली तेव्हाही तो विषय तिने कुलूप घालून ठेवला. तिने मला माफ केलं की नाही हे मी कधी विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही.

असो. टॅब बदलून आणला. सतरा फेब्रुवारीला खिडकीपाशी आईची खुर्ची, समोर स्लिम प्रो, आणि मागे मी, श्वास रोखून. पहिला प्रश्न मीच घातला होता, "रात्री झोप लागली का?" मग पडद्यावर अक्षरं उमटली: "नाही." अगं, माझ्या अंगावर काटा आला! सहा आठवडे मुकी असलेली माझी बायको बोलली होती. जेमतेम बोटभर हललेली तिची हनुवटी त्या काचेला कळली होती. मी खुर्चीमागे उभा राहून चक्क रडलो. माझ्या लेकीने भांडून घालून घेतलेली ओळ, आणि तिच्या जोरावर आज हे! त्या दिवशी चर्च समोर असतं तर मी तुझ्या नावाने मेणबत्ती लावली असती. त्या भरात एक गोष्ट मात्र राहून गेली, मी तिच्या मानेकडे बघायचं सोडून पाटीकडे बघत होतो.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी प्रश्न घालायचो, आईला बसवून पाव आणायला जायचो आणि परत येऊन उत्तरं वाचायचो, गॅझेटमधला हुकूम वाचावा तशी. दुखतंय का? हो. झालं, डॉक्टरांकडे धावलो. रेडिओ लावू का? नाही. उचलून माळ्यावर ठेवला. जिरेनियमला पाणी घालू का? नाही. नाही तर नाही, बाई. पालकाचा भात करू का? हो. बिल्याना, तुझ्या आईला पालकाचा भात किती आवडतो ते तुला सांगायला नको! लग्नापासून तिने तो ताटात येऊ दिला नव्हता. मी चार आठवडे एक दिवसाआड रांधला. घास पुढे केला की ती 'नको' म्हणून मान झटकन वर करायची, आणि मी म्हणायचो, "अगं, तूच तर सांगितलंस ना सकाळी!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की घाईत तिच्या हो-नाहीची उलटापालट होईल. मी आपला मनाशी निवाडा करून मोकळा: समोर बसून देते ते उत्तर गोंधळलेलं, यंत्र सांगतं ते खरं. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोपेक्षा चार आठवड्यांच्या काचेवर माझा विश्वास जास्त. ती माझ्याकडे अशी बघायची की वाचा नव्हती हेच माझं नशीब.

आणि यादीच्या शेवटी रोज एक प्रश्न असायचा: "बिल्यानाला बोलवू का?" पालकाच्या भाताचं मी तोंडाने विचारू शकत होतो, हे नाही. तिच्या डोळ्यांत बघून हे विचारायचं म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं टेबल पुन्हा मांडायचं. म्हणून ते काम मी काचेवर ढकललं. रोज उत्तर यायचं, "नाही." सात दिवस वाचलं आणि तुला ती ओळ पाठवली. आता लपवत नाही, वाईट वाटलंच, पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. तू येणार नव्हतीस, तेव्हा मला तुझ्यापुढे उभं राहावं लागणार नव्हतं. बापाने लेकीला सांगावी अशी ही गोष्ट नाही, पण खरी आहे.

काल पाव आणायला निघालो आणि अर्ध्या जिन्यात लक्षात आलं, चष्मा विसरला. परत आलो. चष्मा खिडकीच्या कठड्यावर, त्या वाळलेल्या जिरेनियमशेजारी. म्हणून पहिल्यांदाच मी आईच्या मागे नाही, समोर उभा होतो. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला, तुझ्या नावाचा. आईने मान हलवली. आडवी. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, होती नव्हती तेवढी ताकद लावून, मनगटावरचा, तब्येतीसाठी मार्चमध्ये बांधतात तो लाल-पांढरा दोरा डाव्या मुठीत घट्ट धरून. आणि माझ्या डोळ्यांदेखत काचेने लिहिलं, "नाही."

मी तिथेच जमिनीवर बसलो. सुपाच्या वाटीचा किस्सा दोन वर्षं देच्कोला रंगवून रंगवून सांगणारा मी गाढव! यंत्र तिकडच्या माणसांनी घडवलेलं, त्याला तिकडचीच मान कळणार. आपली आडवी मान त्याच्या लेखी नकारच. मी यादी मागे मागे सरकवत गेलो. एकतीस दिवस. एकतीस वेळा तुझ्या आईला तोच प्रश्न विचारला गेला, एकतीस वेळा ती हो म्हणाली, आणि एकतीस वेळा तिच्या डोळ्यांसमोर त्याचं नाही झालं. एकदाही ती कंटाळली नाही. एकदाही तिने मान फिरवून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी डोंगर मोजलेत, बिल्याना, पण असं काही मी आयुष्यात पाहिलं नाही.

मग मी टॅब बंद केला आणि तिच्या गुडघ्याशी बसून तोंडाने विचारलं, "नेवेना, बिल्याना यायला हवी का?" ती माझ्याकडे बघत राहिली. वाचा परत आली की मला काय काय ऐकावं लागणार आहे ते त्या बघण्यात सगळं होतं. आणि मग तिने मान हलवायला सुरुवात केली ती थांबेचना. शेवटी मी तिची हनुवटी हातात धरली, "पुरे गं, मोडेल मान." ती हसली. अर्ध्याच तोंडाने, पण हसली. रेडिओ माळ्यावरून खाली आलाय, जिरेनियमला पाणी घातलंय, जगतंय का बघू. पालकाचा भात देच्कोकडे पोचवला.

तुमचे टॅब फार झालेत का, हा वाद तू ऑफिसात खुशाल घाल, मी तुझ्या बाजूने आहे. नावं मात्र बदला, देवाशपथ. आणि बारावा टॅब काढण्याआधी आहेत त्यांच्यात एक प्रश्न घाला: तुमच्याकडे हो म्हणताना मान कशी हलवतात? याही वेळी ते म्हणतील, अशी किती माणसं असणार. तू भांड. तुला भांडता येतं, माझीच मुलगी आहेस.

आता हे पत्र कशासाठी ते. आमच्या नकाशांच्या खात्यात एक रीत होती, तुला लहानपणी दाखवली होती. चुकलेली रेघ खरवडून काढायची नाही. तिच्यावर लाल शाईने छेद द्यायचा, शेजारी बरोबर ते लिहायचं, खाली सही आणि तारीख, म्हणजे चूक कुणाची ते पुढच्याला कळतं. सोबत एक कागद आहे. टॅबमधली एकतीस उत्तरं मी हाताने उतरवून काढलीत. प्रत्येक "नाही"वर लाल छेद, शेजारी "हो", खाली माझी सही. बत्तिसावी दुरुस्ती माझ्या त्या एका ओळीची आहे, "विचारलं. हो म्हणते." तेहतिसावी जुनी आहे, यंत्राची नाही, आईचीही नाही. तिथे लिहिलंय, "मग या घरी तरी कशाला येतेस?" त्यावर छेद आहे. शेजारी मी एकच शब्द लिहिलाय, "ये." फुलांचा रविवार दोन आठवड्यांवर आहे. सही केली आहे, तारीख घातली आहे.

तुझाच, आणि आता पाटीकडे नाही तर तुझ्या आईकडे बघणारा,
बाबा