सत्यवतीची गाठ

पनवेल,
रविवार, २ डिसेंबर १९९०

चि. सौ. मझल हिस,
नाओमीचे अनेक आशीर्वाद. आईचेही आहेत, पण ते तू वेगळे धरायचेस, असा तिचा निरोप आहे.

तुझं पत्र पंधरा दिवसांनी पोचलं. मोतीबिंदूमुळे आईला आता अक्षर लागत नाही, म्हणून मी वाचून दाखवते. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाच म्हणाली तेव्हा घसा बसल्याचं सोंग केलं. इराकने विषारी वायू सोडला तर, म्हणून तुमच्या लोदला सरकार घरोघर मुखवटे वाटतंय आणि तुझी सात वर्षांची रिबका त्या मुखवट्याची पुठ्ठ्याची पेटी गळ्यात अडकवून शाळेत जाते, हे मला पुन्हा मोठ्याने वाचवेना.

त्यात ती पेटी कुठेही विसरून येते. एकदा शाळेत, एकदा बसमध्ये. दोरी मानेला काचते म्हणते, पुठ्ठा पावसाने भिजून फुगतो, आणि वाटेत झाकण उघडून मुखवट्याशी खेळते. वेळ आली आणि पेटी भलतीकडेच राहिली तर, असं तू लिहिलंस आणि तिथेच पत्र संपवलंस. आई रात्री जेवली नाही.

सकाळी उठली तीच उपाय घेऊन. तिच्या मासळीच्या पिशवीसारखी पिशवी त्या पेटीला विण. तुझ्याकडे दुकानातून प्लास्टिकच्या फुकट झबला पिशव्या येतात, त्या टाकू नकोस. धुऊन वाळव, घडी घालून आडव्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या काप. प्रत्येक पट्टीचं कडं होईल, ते कड्यात कडं अडकवून लांब सूत कर. क्रोशाच्या जाड आकड्याने विण. तळ आणि बाजू मुक्या खांबाच्या, म्हणजे बुटक्या घट्ट टाक्यांच्या घ्यायच्या. उंच खांब घेतलास तर भोकं राहतील आणि पाणी आत जाईल. खांद्यावरचा पट्टा चार बोटं रुंद.

आणि तोंडाला नाडी ओवून सत्यवतीची गाठ मारायची. उरणहून मासळी घेऊन येणाऱ्या सत्यवतीने शिकवलेली, ओढाल तितकी बसणारी. तुला ती लहानपणी येत होती. नाडीही प्लास्टिकचीच कर, कापडाची भिजते आणि सैल पडते, असं आईने दोनदा बजावलंय. म्हणजे पोरीला वाटेत पेटी उघडता येणार नाही.

तू शाळेत असताना आईची ती पिशवी मैत्रिणींपुढे पाठीमागे लपवायचीस, याचीही आठवण द्यायला सांगितली आहे. तुझ्या एलियासना शालोम.

तुमच्या खुशालीची वाट बघणारी,
नाओमी


लोद,
सोमवार, २४ डिसेंबर १९९०

ति. नाओमीताईस,
मझलचा सप्रेम शालोम वि. वि.

आईला सांग, लपवत होते ते खरं, आणि आता तीच पिशवी माझी पोरगी मिरवते आहे, त्यामुळे फिट्टंफाट झाली.

पिशवी आठ दिवसांत झाली. चाळीस झबला पिशव्या लागल्या. शेजारची मोरोक्कोची बाई आधी मला वेडी समजत होती, आता स्वतःच्या पिशव्या धुऊन आणून देते. रंग ज्या दुकानाचे मिळाले ते, निळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि मध्येच एक केशरी. रिबकाने केशरी बाजू पुढे करून घेतली. आता पेटी विसरत नाही. वर्गातल्या चौघींच्या आयांनी मला विचारलं कुठे मिळते. मी म्हटलं, पनवेलला.

गाठही मारली. हात विसरला नव्हता. रिबकाने दातओठ खाऊन ओढून पाहिली, सुटली नाही, मग नाद सोडला.

बाकीचं काय लिहू. इराकला पंधरा जानेवारीची मुदत दिली आहे, त्यानंतर काय ते कुणालाच ठाऊक नाही. एका खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक लावून कडेने तपकिरी चिकटपट्टी मारली आहे. भोंगा झाला की सगळ्यांनी त्या खोलीत जायचं, दार बंद करून फटीला पट्टी मारायची, खाली ओला टॉवेल लावायचा आणि मुखवटे चढवायचे. या सगळ्याला फार थोडा वेळ मिळणार, असं रेडिओवर सांगतात. एलियास विमानतळावर कामाला, पाळी कुठलीही असते. म्हणजे बहुतेक मी आणि रिबकाच असू.

आईला हा परिच्छेद वाचू नकोस. नाहीतर वाच. तुला लपवता येत नाही हे मला माहीत आहे.

तुझ्या मायेतली,
मझल


पनवेल,
बुधवार, ९ जानेवारी १९९१

चि. सौ. मझल हिस,
नाओमीचे अनेक आशीर्वाद.

तो परिच्छेद मी गाळला. आईने विचारलं की कागद उलटला पण आवाज का थांबला. मग वाचला.

आता इकडची बातमी. तुझी पिशवी गावभर झाली. शनिवारी सिनेगॉगमधल्या प्रार्थनेनंतर आईने सगळ्यांना सांगितलं आणि ज्यांची नातवंडं तिकडे आहेत त्या सगळ्या आज्या आमच्या ओटीवर हजर. नऊ पिशव्या हव्या आहेत. डेव्हिडकाका आपटेकर दहा फेब्रुवारीला मुलाकडे निघाले आहेत, लढाई होवो न होवो. ते नेणार.

शेजारची कुमुद तिच्या माहेरच्या गोतावळ्याकडून पिशव्या गोळा करते. काशिराम वाण्याने तर शांतपणे सांगितलं की एवढ्या पिशव्या नेता तर किराणाही न्या. आई डोळ्यांनी काहीच बघत नाही, बोटांनी खांब मोजते, आणि मी एक टाका चुकवला तरी तिला कळतं. दहा वर्षं शाळेत शिकवून एवढंही येत नाही का, असं मला कुमुदसमोर म्हणाली.

पहिल्या पिशवीची गाठ तिने स्वतः मारली आणि डेव्हिडकाकांपुढे धरली, सोडून दाखवा म्हणाली. काका अजून नारळ हाताने फोडतात. पाच मिनिटं खटपट करून त्यांनी हात टेकले. आई इतकी हसली की तिला खोकला आला. किती दिवसांनी हसली.

मुदतीला सहा दिवस राहिले. पुढचं पत्र शक्य तितक्या लवकर टाक, दोन ओळींचं असलं तरी.

तुम्हा तिघांची काळजी वाहणारी,
नाओमी


लोद,
रविवार, २० जानेवारी १९९१

ताई,

हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकते आहे. घरी नेऊ नकोस. आम्ही तिघं जिवंत आहोत, कुणालाही इजा नाही. हे आधी लिहिलं, आता बाकीचं.

शुक्रवारी पहाटे पहिले बॉम्ब पडले तेव्हा मुखवटे बाहेरच काढून ठेवलेले होते, गाठ मी आधीच निवांतपणे सुईने सोडवली होती. शुक्रवारी दुपारी मी सगळं पुन्हा नीट भरलं. रिबकाची पेटी पिशवीत घातली आणि आईच्या पद्धतीने गाठ ओढली. नेहमीपेक्षा जास्तच ओढली.

मग संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायच्या आधी, आपल्या घरी होतं तेच केलं. सुई, आकडा, कात्री डब्यात घातली आणि डबा स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवला. शब्बाथला, शनिवार संध्याकाळपर्यंत, कापायचं नाही, म्हणून कात्री नजरेसमोरही नको. बारा वर्षं इथे राहून माझ्या पुष्कळ गोष्टी सुटल्या, ही एक सुटली नव्हती.

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास भोंगा झाला. एलियास कामावर. रिबकाला उचलून खोलीत आणलं, दाराला पट्टी मारली, टॉवेल लावला, माझा मुखवटा चढवला. आणि पिशवी घेतली तर गाठ सुटेना.

ताई, ती नाडी प्लास्टिकची होती. ओढली की ताणून दोऱ्यासारखी बारीक होते आणि स्वतःतच रुतते. नखाला पकडायला काही उरतच नाही. वीण फाडायला गेले तर मुके खांब, कुठे बोट घालू? खोलीत दोन गाद्या, रेडिओ, पाण्याच्या बाटल्या. सुरी बाहेर, कात्री बाहेर, आणि दार उघडलं तर विष आत येईल. मी माझा मुखवटा काढला आणि गाठ दातांनी तोडायला लागले. रेडिओवरच्या बाईने मुखवटे चढवा ही सूचना पाच भाषांत सांगून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, तरी मी तोडतेच आहे. रिबका दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबून माझ्याकडे बघत बसली होती. रडलीसुद्धा नाही. तोवर कुठेतरी लांब दोनदा जमीन हादरली.

गाठ तुटली, एक दातही अर्धा तुटला. त्या बॉम्बमध्ये विष नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

मुखवटे काढायची परवानगी मिळाल्यावर रिबकाने विचारलं की ती उघडू नये अशी आजीने मुद्दाम केली होती का. तसंच होतं, ताई. पिशवी तिने पलंगाखाली सारली आहे आणि पेटीला हात लावत नाही. मीच पेटी घेऊन तिच्या मागे फिरते.

आईला यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. ती मरेल. पण त्या नऊ पिशव्या इकडे येऊ देऊ नकोस. काहीही कारण सांग, काकांचं सामान जास्त झालं म्हण.

मझल


पनवेल,
गुरुवार, ७ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. मझल हिस,
नाओमीचे अनेक आशीर्वाद, रिबकाला दोन जास्त.

तुझं पत्र सोमवारी शिक्षकांच्या खोलीत वाचलं. पुढच्या तासाला मुलांना शुद्धलेखन घातलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

घरी आले तर नऊ पिशव्या ओळीने मांडलेल्या, नऊच्या नऊंना गाठी. आईने त्या दिवशीच शेवटची संपवली होती. प्रत्येक पिशवीला त्या-त्या आजीने एकदा हात लावला होता. सामान जास्त झाल्याचं कारण मी वाटेत घोकून आले होते. पण काका एक नव्हे, दोन बॅगा नेणार आहेत, हे आईला माझ्या आधीपासून ठाऊक होतं. मला दुसरं कारण सुचेना.

आई न्हाणीघरात गेली तेव्हा मी एक पिशवी उचलली. म्हटलं, बघू तरी. अंक मोजत गाठ सोडायला बसले. शंभर झाले, दोनशे झाले. नखाखाली रक्त आलं. मान वर केली तर आई दारात उभी. प्लास्टिकवर नख घासल्याचा आवाज तिला आतपर्यंत ऐकू आला होता. तिने एवढंच विचारलं की पत्र कुठे आहे.

वाचलं. रिबकाच्या प्रश्नाशी आले आणि ते वाक्य गिळून पुढे गेले. आईने थांबवलं. एवढं झाल्यावर पोर गप्प बसेल का, काय म्हणाली ते सांग, म्हणाली. तेही वाचलं, मझल. तू रागावशील. पण त्या नऊ पेट्यांमागे नऊ मुलं होती, आणि आईला न सांगता तिच्या हातातून ते काढून घ्यायचा मार्ग मला सापडला नाही.

ती मेली नाही. बराच वेळ पिशवी मांडीवर घेऊन गाठ चाचपत राहिली. मग कात्री मागितली आणि नऊ गाठी एकेक करून स्वतः कापल्या. मी कापते म्हटलं तर हात झटकला. दुसऱ्या दिवशी माझा हात धरून नऊ घरी गेली. ओटीवर बोलावलं नाही, प्रत्येकीच्या दारात जाऊन सांगितलं. एका घरी थोडं ऐकूनही घेतलं. त्या कोण ते लिहीत नाही.

पिशव्यांची तोंडं उसवून नवीन केली आहेत. काका रविवारी निघताहेत, रिबकाची दहावी वेगळी बांधली आहे. आईने पत्र स्वतः लिहिलं. दोन दिवस लागले. मी हात लावलेला नाही, अक्षर वरखाली गेलंय तसंच पाठवते आहे.

तुझा दात दाखवून घे.

तुझीच,
नाओमी


पनवेल

मझल,

अक्षर मोठं काढलंय, मला दिसावं म्हणून.

नवीन पिशवीला नाडी नाही. वरून झाकण येतं आणि मोठ्या फासात लाकडी बटण बसतं. नाओमीच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि एका हाताने उघडायला लावलं. तीन अंकांत उघडली. कुमुदलाही लावलं. मग मी उघडली. पाऊस थोडा आत जाईल. जाऊ दे.

मी पोर पेटी उघडणार नाही एवढंच बघितलं. तुला उघडावी लागेल हे बघितलं नाही. इतकी वर्षं मासळीच आणली, मासळी घरी आल्यावर कुणाला घाई नसते.

कात्री शुक्रवारी कपाटावर ठेवायची नाही. त्या खोलीच्या दाराला आतून खिळा मार आणि दोरीने टांग. शब्बाथलाही तिथेच राहील. मी इथे कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. देवाने जाब विचारला तर आईने सांगितलं म्हण, माझं नाव त्याला माहीत आहे.

रिबकाला सांग, आजी चुकली. चुकली हाच शब्द सांग. म्हातारी आहे, डोळे नाहीत, असलं काही पुढे लावू नकोस. गाठ मी डोळे मिटूनही मारते.

तिला ही पिशवी नको असेल तर जबरदस्ती करू नकोस. पलंगाखाली राहू दे, कुणाला देऊन टाक. पेटी मात्र तिने स्वतःच्या हाताने उचलली की मला कळव. त्याच दिवशी कळव.

आई