परसबाग सुनेच्या नावे

मी, लीला श्रीरंग निकुंभ, वय सदुसष्ट, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका, मूळ गाव अमळनेर तालुक्यातले, हल्ली राहणार भेस्तान, सुरत, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना माझे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. काचबिंदूमुळे मला उजेड आणि सावली एवढेच कळते. डोळ्यांबरोबर अक्कलही गेली असे उद्या कोणी कोर्टात म्हणू नये, म्हणून डॉक्टर भाईदास चोकसी यांना समोर बसवले आहे. त्यांनी मला आजचा वार, तारीख आणि माझ्या मुलाचे नाव विचारले. तिन्ही मी बरोबर सांगितली. तिसरे सांगायला जरा वेळ लागला, तो विसरल्यामुळे नव्हे.

लिहिणारे नरेंद्र सोनवणे रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत. मी बोलते तसेच उतरवा, कायद्याचे शब्द लागतील तिथे तुम्ही घाला, असे मी त्यांना सांगितले आहे. ते म्हणाले, "बाई, एवढं सगळं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." मी विचारले, "मग कशात लिहितात?" तेव्हापासून मी सांगते ते सगळे ते लिहीत आहेत.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे दहन साधेपणाने करावे. तेराव्याला गावजेवण घालू नये. माझ्या फोटोला हार घालून तो बैठकीत टांगू नये. ज्याला माझी आठवण हवी आहे त्याने मागच्या दारी जाऊन कढीपत्त्याला पाणी घालावे. व्यवस्थापक म्हणून मी माझ्या शाळेतल्या मैत्रीण मालतीबाई वाघ यांना नेमते. त्या कोणाच्या रडण्याला भीक घालत नाहीत.

कलम २. भेस्तान येथील माझे राहते घर, दोन खोल्या, ओटा आणि मागची परसबाग, ज्याच्या पूर्वेस गल्ली, पश्चिमेस कालवा, दक्षिणेस मोकळा प्लॉट आणि उत्तरेस छगन बोरसे यांचे घर आहे, ही माझ्या पगारातून घेतलेली स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझे दिवंगत यजमान श्रीरंग तेव्हा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मुकादम होते. ते म्हणाले होते, "रस्त्यालगतचा प्लॉट घेऊ, दुकान काढता येईल." मी हा घेतला, कारण यात आंब्याचे जुने झाड होते. इथे पूर्वी आंबावाडी होती, तिच्यातले हे एकटे उरलेले.

हे घर व परसबाग मी माझी सून सौ. धनश्री गजेंद्र निकुंभ हिला एकटीला, कायमची, मालकी हक्काने देत आहे. माझा एकुलता मुलगा गजेंद्र याचा या मिळकतीत कोणताही हिस्सा असणार नाही. धनश्री ठेवेल तोवर तो त्या घरात राहील.

त्याला वगळण्याचे कारण लिहिणे मला भाग आहे.

कलम ३. कारण. माझ्या घरी दर रविवारी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत वाचन चालत असे. सुरुवातीला मी एकटीच मोठ्याने वाची. उत्तरेकडची शेजारीण सुमन, छगन बोरसे याची बायको, साड्यांना टिकल्या चिकटवण्याचे काम घेऊन माझ्या ओट्यावर बसे. एका रविवारी मी पुस्तक मिटले तशी ती म्हणाली, "बाई, मंग काय व्हयनं?" मी म्हटले, "शिक आणि बघ." ती शिकली. चाळिशी उलटलेली बाई, पाटी मांडीवर घेऊन. पुढे माझी नजर उतरू लागली तेव्हा ती वाची आणि मी हाताच्या अंदाजाने गवत खुरपी. पापडीच्या वेलाला मांडव, तोंडली, अळू, गवती चहा, सगळे त्या आवाजाच्या सोबतीने वाढले.

पक्षी आला की वाचन थांबवायचे, असा नियम होता. सुमन ओळीवर बोट ठेवी आणि दुसऱ्या हाताने दुर्बीण उचली. "बाई, डोयाभोवती पिवयं, छातीवर लाल पट्टा, बाकी आंग हिरवं." मी म्हणे, "तांबट." मग ती बोटापासून पुढे वाची. आठवडाभर मी अंधारात असे आणि रविवारी मला दिसत असे. हे मी कोणाला बोलून दाखवले नव्हते, सुमनला सोडून.

आंब्याच्या ढोलीत गव्हाणी घुबडाची जोडी होती. पांढरे, बदामासारखे तोंड असलेली. सुमन पहिल्यांदा दचकली होती. घुबड दारात म्हणजे अपशकुन, असे तिलाही माहेराहून माहीत. मी तिला घुबडांनी ओकून झाडाखाली टाकलेल्या गोळ्या गोळा करायला लावल्या. कोरड्या, करड्या, आत उंदरांचे केस आणि बारीक हाडे. सूपभर निघाल्या. "हा अपशकुन कोणाला झाला?" मी विचारले. ती हसत सुटली. "उंदरासले, बाई!" त्यानंतर ती घुबडांना 'आपली' म्हणू लागली.

गजेंद्रला परसात आंब्याच्या जागी लूमची शेड घालायची होती. जवळच्या सचिन गावात भाड्याच्या जागेत त्याचे खाते आहे. घरचे खाते झाले की भाडे वाचेल, असे तो म्हणे. मी नाही म्हटले. त्याने पुन्हा विचारले, मी पुन्हा नाही म्हटले. नंतर त्याने विचारणे सोडले. मला वाटले, समजला.

गेल्या भाद्रपदात सुरतेत प्लेगची बोंब उठली. लोक मिळेल त्या गाडीने पळत होते. गजेंद्रने अमळनेरला माझ्या भावाला तार केली. मी म्हटले, ढोलीत पिल्ले आहेत, फुसफुस ऐकू येते, त्यांना सोडून कुठे जाऊ? तो माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "आई, तू गेलीस तर मी रात्री झोपेन. माझ्यासाठी जा." त्याचे हात थरथरत होते. मी गेले. खाते राखायला तो थांबला, आणि त्याला सोडून धनश्री यायला तयार झाली नाही. धनश्री घरात असूनही मागच्या फाटकाची किल्ली मी सुमनच्या हातात दिली, कुंड्यांना आणि पक्ष्यांच्या परळाला पाणी घालायला.

दिवाळीच्या तोंडावर परत आले. मागचे दार उघडले आणि तोंडावर ऊन आले. त्या दारात मला कधी ऊन लागले नव्हते.

"वादळात पडलं गं आई," गजेंद्र म्हणाला. "घरावर नाही पडलं, हे नशीब." मी चाचपत गेले, तर खोडाच्या जागी हाताला विटांची फरसबंदी लागली. सुमन तिथेच उभी होती. मी तिला विचारले, "सुमन, मोडलं का ते?"

"हा बाई, मोडनंच. वारा मोठा व्हता."

मी मानले. माझ्यासाठी ती बघत आली होती; तिने सांगितले ते मी पाहिले. पुढच्या रविवारपासून आम्ही भिंतीच्या सावलीत बसून एका नावाड्याच्या कुटुंबावरची जाड कादंबरी चालू ठेवली. मी हळहळले की ती म्हणे, "जाऊ द्या बाई, देवाची करनी." असे रविवार संक्रांत उलटली तरी चालू होते.

संक्रांतीनंतर घरात उंदीर वाढले. एके दिवशी ज्वारीची कोठी पोखरली. धनश्री ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "ती दोघं असती तर..." आणि रडू लागली. सूप बाजूला ठेवून माझ्या पायाशी बसली.

"आई, झाड वाऱ्याने नाही पडलं. यांनी कापायला लावलं."

मग तिने सगळे सांगितले. गजेंद्र गल्लीत घरोघर गेला होता, आमच्या आंब्यावर घुबड बसते, त्यानेच रोग आणला, असे सांगत. माणसे भ्यालेलीच होती. ती जमली, झाड काढा म्हणून ओरडू लागली, तेव्हा त्याने त्यांचे मन राखल्याचा आव आणला. मजूर त्याने आदल्या दिवशीच ठरवले होते. फाटक सुमनने उघडून दिले. खोड पडले तेव्हा ढोलीतली पिल्ले बाहेर फेकली गेली. एक जिवंत होते. धनश्रीने ते टोपलीखाली झाकून ठेवले आणि लपून मटणाचे बारीक तुकडे भरवले. दोन दिवस जगले. नंतर तिने ते कढीपत्त्याजवळ पुरले.

ज्या उंदरांमुळे रोग येतो म्हणून सरकार औषध फवारत होते, ते उंदीर खाणाऱ्यांचे घर माझ्या मुलाने पाडले. पण खरे सांगायचे तर माझे मन त्यावर अडकत नाही. अडकते ते त्याच्या थरथरत्या हातांवर. ते हात खरे होते की नाही, हे मला मरेपर्यंत कळणार नाही.

मी त्याला विचारले. तो आधी म्हणाला, "सगळी सुरत पळत होती, आई. मी तुला वाचवलं." मग म्हणाला, "एका झाडासाठी तू मला परका करणार?"

"झाड मागून मिळत नव्हतं, म्हणून तू मला बाहेर काढलंस."

"आणि रोग लागला असता तर?"

लागलाही असता, हे मी इथे मान्य करते. मान्य केले म्हणून राग गेला असे मात्र झाले नाही.

शेड आजवर उभी राहिलेली नाही. मी जिवंत असेपर्यंत राहणार नाही, आणि नंतरचे धनश्री ठरवील. मी तिच्यावर कोणतीही अट घालत नाही. या मुलीला लग्नानंतर सहा वर्षे मी टीव्हीपुढे बसणारी, रिकाम्या डोक्याची समजत होते. नवऱ्याच्या संसारात राहून तिने मला खरे सांगितले. त्यानंतर महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. इतकी किंमत माझ्यासाठी दुसऱ्या कोणी मोजलेली नाही.

कलम ४. गजेंद्रला मी त्याच्या वडिलांचे घड्याळ, रेडिओ आणि सूत ओढण्याचा त्यांचा आकडा देते. शिवाय माझा पलंग देते. तो पलंग त्याने दिवाळीत मला करून दिला होता, "तुझ्या आंब्याच्याच फळ्या आहेत, आई, आठवण राहील," असे म्हणून. मी त्यावर सुखाने झोपत होते. खरे कळल्यापासून मी जमिनीवर अंथरूण घालते. आता त्याने त्यावर झोपावे.

कलम ५. दुर्बीण, पक्ष्यांचे सचित्र पुस्तक, खुरपी, कुदळ आणि झारी धनश्रीला. तिला अजून साळुंकी आणि कोतवाल यापलीकडे ओळखता येत नाही, पण चुकले तर ती विचारते. बाकीची सर्व पुस्तके कपाटासह मी शिकवले त्या शाळेला द्यावीत. पोस्टातल्या बचतीतून क्रियाकर्माचा खर्च भागवून उरेल ते शाळेने नव्या पुस्तकांसाठी वापरावे. पुस्तके कुलपात ठेवायची असतील तर देऊ नयेत.

कलम ६. सुमन छगन बोरसे हिला मी काही देत नाही.

धनश्रीने सांगितल्यानंतरच्या रविवारी ती नेहमीप्रमाणे आली, खूण काढून पान उघडले. मी म्हटले, "वाचू नकोस. फाटक कोणी उघडलं ते सांग."

तिने पुस्तक मिटले. मग म्हणाली, "मना बाजीराव आठ महिना घरमा बठेल व्हता, बाई. गजुभाऊ बोलना, शेड व्हयनी का पहिलं काम त्याले."

"आणि मोडलं म्हणालीस ते?"

"माले वाटनं, तुमले दिसत नही. तुमले समजाव नही."

मुलासाठी आईने फाटक उघडले, हे मी समजू शकते. हे शेवटचे वाक्य मला पचलेले नाही. तिने खोटे सांगावे म्हणून मी तिला माझे डोळे दिले नव्हते. त्या दिवसापासून रविवार बंद आहे. कादंबरीची तीन प्रकरणे राहिली आहेत. ती मी कोणाकडूनही वाचून घेतली नाहीत.

कलम ७. हे कलम वरचा मजकूर पुरा झाल्यावर घातले आहे. नरेंद्रभाऊंनी विचारलेल्या वकिलांचा निरोप असा की, मला दिसत नसल्याने सही करण्याआधी मृत्युपत्र मला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवले पाहिजे, आणि ज्याने लिहिले त्यानेच किंवा ज्याला काही मिळते त्याने वाचू नये, म्हणजे उद्या शंका उरणार नाही. डॉक्टर चोकसींना मराठी बोलता येते, वाचता येत नाही. मालतीबाईंचा चष्मा कालच फुटला. नरेंद्रभाऊ म्हणाले, गल्लीतल्या तरुण पोरांना आता गुजरातीच वाचता येते. मग ते बोलायचे थांबले. कोणाचे नाव त्यांच्या तोंडी आले होते ते खोलीतल्या सर्वांना कळले.

मी म्हटले, "बोलवा तिला. तिला यातलं काही मिळत नाही, म्हणजे कायद्याने ती चालते."

सुमन आली. दारात चपला काढल्या आणि ओट्यावर तिच्या जागी बसली. तिने वाचायला सुरुवात केली. घर, चतुःसीमा, टिकल्या, पाटी, सगळे तिने वाचले. सहावे कलम आले तेव्हा नरेंद्रभाऊ मध्येच म्हणाले, "बाई, एवढं गाळू या का? वाचणाऱ्या माणसाला..."

मी काही बोलण्याआधी सुमन म्हणाली, "राहू द्या भाऊ. खरंच शे."

आणि तिने ते कलम स्वतःच्या तोंडाने, स्वतःचे नाव घेऊन, एकही शब्द न वगळता वाचले. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला थांबली. मी शिकवले तसे. एवढा वेळ मी परसाकडे तोंड करून बसले होते. मी तिला पाणी दे असे धनश्रीला सांगितले. याहून जास्त मला करता आले नाही, आणि झाले तेवढे लिहून ठेवावे असे वाटले. हे सातवे कलमही तिनेच वाचून दाखवले आहे.

वरील मजकूर मी ऐकला, समजला, आणि तो माझ्याच मनातला आहे. खाली माझ्या हाताने सही करत आहे. ओळ वाकडी गेली असल्यास तिला वाकडीच राहू द्यावे.

स्थळ : भेस्तान, सुरत
तारीख : २ एप्रिल १९९५, रविवार

मृत्युपत्र करणार : लीला श्रीरंग निकुंभ (सही)

आम्हां दोघांच्या समक्ष लीलाबाईंनी सही केली, आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली :
१. डॉ. भाईदास चोकसी (सही, गुजरातीत)
२. मालतीबाई वाघ (सही)

लिहिणार : नरेंद्र सोनवणे (सही)

वाचून दाखवणार : सुमन छगन बोरसे. अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली होती, ती बाजूला सारून स्वतःच्या अक्षरात सही केली.